थाळीतली

"तू थाळीतली ना? मग तू तिकडं बस. हे फॅमिलीचं टेबल आहे."

झालं एवढंच. प्रार्थनेची घंटा व्हायची होती, शाळेच्या नव्या रॅम्पशेजारी कोवळ्या उन्हात दोन पोरी हॉटेल-हॉटेल खेळत होत्या, आणि त्यातली सृष्टी दुसरीला एवढंच म्हणाली. कुसगावातल्या पोरी त्या, भातुकली कशाला खेळतील? निम्म्यांचे बाप हॉटेलात कामाला, उरलेल्यांचे हॉटेलाच्या दारात गाड्या घेऊन उभे. सृष्टीच्या बापाचं तर स्वतःचं हॉटेल. तिनं विटांची टेबलं मांडली होती, पानांच्या प्लेटा केल्या होत्या, आणि दारात आलेल्या गिऱ्हाइकाला जागा दाखवावी तशी ती अम्माराला जागा दाखवत होती. आवाजात टोचणी नव्हती, हिणवणं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं, असं कठड्याला टेकून उभ्या असलेल्या सारिकाला वाटलं. दोघींना समोर घेऊन दोन शब्द सुनावता आले असते. मुख्याध्यापिकेचं ते रोजचंच काम. पण सृष्टी चांगली अदबीनं बोलली होती. आणि वाईट गोष्ट तिच्या बोलण्यानंतर घडली. अम्मारा उठली, स्कर्टची माती झाडली, आणि मुकाट्यानं कुंपणाच्या कडेला जाऊन मांडी घालून बसली. रुसली नाही, का म्हणून विचारलं नाही. आपली जागा तीच, हे तिला ठाऊक होतं.

सारिकानं कठड्यावरचा हात उचलला तेव्हा कळलं, रंग ओला होता. तळहातभर पिवळा ऑइलपेंट. उद्या विस्तार अधिकारी मॅडम येणार होत्या, शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळा चालते की नाही ते बघायला, आणि त्यावर शाळेची मान्यता पुढं चालू राहायची होती. म्हणून तर हा रंग, म्हणून हा रॅम्प. सारिकानं या शाळेसाठी काय नाही केलं? मुलींची स्वच्छतागृहं वेगळी करून घेतली, कड्या आतून लागतात का ते स्वतः लावून बघितलं. मैदानाला कुंपण घातलं. वाचनाची पुस्तकं कपाटातून बाहेर काढून पोरांच्या हाताला लागतील अशी ठेवली. पहिल्याच आठवड्यात त्यांतली चार फाटली तेव्हा तिला मनातून आनंदच झाला होता. अमृत सरांची छडी तिनं काढून घेतली. "बाई, नुसती जवळ असली तरी पोरं वचकून असतात हो," ते काकुळतीला येऊन म्हणाले होते. ती छडी आता मागच्या अंगणात वालाच्या वेलाला आधार देत उभी होती, आणि अमृत सर येता-जाता तिच्याकडं बघून उसासा सोडायचे. संस्थेच्या रतनताई प्रवेशाच्या वेळी मुलाशी आणि त्याच्या आईशी 'गोड गप्पा' मारायच्या. ती मुलाखतच झाली ताई, कायद्यात बसत नाही, म्हणून तेही बंद केलं. पोर जितक्या वयाचं तितक्या वर्गात बसवायचं, मागं पडलेलं असेल तर जास्तीचं शिकवायचं, जन्माचा दाखला नाही म्हणून दारातून परत पाठवायचं नाही. सगळं, सगळं झालं होतं. काल संध्याकाळी बेगडेवाडीला लोकलमधून उतरून घराकडं चालताना तिला इतकं हलकं वाटत होतं की तिनं उगीचच नवऱ्यासाठी जिलेबी घेतली. आता बघा म्हणावं मॅडमना, कुठंही बोट ठेवायला जागा नाही. आणि आज एका सात वर्षांच्या पोरीनं बोट ठेवलं.

थाळी. रतनताईंच्या मायेची थाळी! शाळेत पंचवीस टक्के जागांवर जी मुलं यायची, ज्यांची फी घ्यायची नव्हती, त्यांना दुपारी गरम जेवण द्यायचं हे रतनताईंनी ठरवलं होतं. कुठल्या कायद्यानं त्यांना सांगितलं नव्हतं. डाळ त्या स्वतः निवडून पाठवायच्या, तूप घरचं. जेवण गरम मिळावं म्हणून सुट्टीच्या थोडं आधी स्वयंपाकाच्या मावशी वर्गाच्या दारात येऊन म्हणायच्या, "थाळीवाले, चला." मग ती मुलं दप्तर मिटून उठायची आणि मागच्या व्हरांड्यात जायची. बाकीची गणितातच. मग घंटा झाली की बाकीची आपापले डबे घेऊन पुढच्या अंगणात. डबेवाले आणि थाळीवाले. हे शब्द कुणी काढले? कुणीच नाही. शाळेत शब्द असेच उगवतात. सारिका स्वतः म्हणायची की, "थाळीवाले किती आलेत आज?" आणि या मुलांना वेगळ्या जागी, वेगळ्या वेळी बसवायचं नाही हे तिला तोंडपाठ होतं, शिक्षकांना तिनं फळ्यावर लिहून समजावलं होतं. ते लिहीत असताना दारात मावशी आल्या होत्या. "थाळीवाले, चला." खडू हातात धरून तिनंच मान हलवली होती, जा रे म्हणून. करायला गेलो काय आणि झालं काय! तिनं तळहात रुमालाला पुसला, पण ऑइलपेंट तो, पुसल्यानं आणखीच पसरला.

ऑफिसच्या दारात अम्माराची आजी बसली होती. रोशनबी. मांडीवर फडक्यात बांधलेलं काहीतरी, डोईवरचा पदर कानामागं खोचलेला. मुलगा जावेद पर्यटकांना गाडीतून फिरवतो, सून बंगल्यांवर कामाला. शाळेच्या कामाला यायची ती रोशनबीच. सारिकाला बघून ती उठली.

"बाई, पोरीचा दाखला द्या."

"का हो मावशी? काय झालं?"

"काय न्हाई. तुमची शाळा लय चांगली. पर पोरगी जेवत न्हाई हितं."

"जेवत नाही?"

"ताट दुसऱ्याला देती आन बसून ऱ्हाती. घरी येती ती भुकंनं पिवळी पडून. इचारलं तर म्हनती, मला थाळीतलं नको, मला डबा दे. आता डबा दिला तर तुमची बाई म्हनती, तुमचं नाव थाळीत हाय, तुमी तिकडं बसा. मग डबा घिऊन तिकडं बसायचं, का थाळी घिऊन हिकडं, पोरीला काय कळंना. आमच्या वाडीच्या शाळेत घालते तिला. तितं समदी एकाच ठिकानी जेवत्यात."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भाजीवाल्याला, आज कोथिंबीर नको, उद्या बघू, असं सांगावं तसं ती बोलत होती. आणि गंमत अशी की दाखला अडवायची सोयही नव्हती. दाखला मागितला की द्यायचा, आजचं उद्यावर ढकलायचं नाही, हे तिनंच कारकुनाला बजावलं होतं. "देते मावशी. आजच देते," ती म्हणाली. "पण जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबाल? एवढं माझं ऐका." रोशनबीनं तिच्या पिवळ्या तळहाताकडं बघितलं, मग तोंडाकडं, आणि "थांबते की," म्हणून पुन्हा टेकली. सुट्टीपर्यंत काय करणार होती ती? सारिकाला माहीत नव्हतं. तिनं नुसता वेळ मागून घेतला होता.

रतनताईंना फोन लावला. त्या पुण्याहून उद्या सकाळी यायच्या होत्या, मॅडमच्या स्वागताला. "अगं, लहान मुलांच्या खेळण्याचं काय मनावर घेतेस?" त्या म्हणाल्या. "आणि कायद्यात वर्ग म्हटलंय. व्हरांडा कुठे म्हटलंय?" खरंच होतं ते. व्हरांडा कुठंच म्हटला नव्हता. सारिकानं सांगितलं, अम्मारा जेवत नाही. मग रतनताईंचा आवाज उतरला. "मी त्या मुलांसाठी तूप माझ्या हातानं कढवते गं सारिका." "मला माहीत आहे ताई." "सगळी एकत्र बसवलीस आणि फी भरणारे पालक बिथरले तर? तो हॉटेलवाला प्रदीप, सृष्टीचा बाप, तो उठला की त्याच्यामागे दहा उठतील. पालक गेले तर शाळा गेली. मग कुणाला काय खायला घालशील? आज काही करू नकोस. उद्याचं पार पडू दे." फोन ठेवल्यावर सारिकाला राग आला नाही, हेच वाईट. रतनताई खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या मायेत खोट नव्हती, आणि त्यांच्या भीतीतही नव्हती. उद्याचं पार पडलंही असतं. मॅडमनी रॅम्प बघितला असता, कड्या बघितल्या असत्या, चहा घेतला असता. अम्माराच्या आजीच्या फडक्यात काय होतं?

भाकरीच. वास ओळखीचा होता. खिडकीतून थंड वारा येत होता, खाली द्रुतगती मार्गाची घरघर कायमचीच, वर्गातून दोनचा पाढा चढत-उतरत येत होता, आणि त्या सगळ्यातून तो वास सारिकाच्या नाकात शिरून थेट पवन मावळातल्या एका देवळाच्या ओसरीवर गेला. गावचा सप्ताह. घराघरातून भाकरी गोळा व्हायची. आमटी देवळामागं मोठ्या कढईत, पण भाकरी ज्याच्या त्याच्या घरची. भिकाजी गुरव डोक्यावर टोपलं घेऊन दारोदार फिरायचा, आणि बायका मोजून नव्हे, हाताला लागतील तेवढ्या टाकायच्या. मावळ म्हणजे भाताचा मुलूख, सगळ्यांच्या भाकऱ्या तांदळाच्या, पांढऱ्याशुभ्र, पापुद्रा सुटलेल्या. सारिकाच्या घरी त्या वर्षी भात झालाच नव्हता. आईनं, कस्तुराबाईनं, नाचणीच्या केल्या. काळ्या. त्या पांढऱ्या ढिगावर पडल्या तेव्हा आठ वर्षांच्या सारिकाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. "आई, आपल्या ओळखू येतात गं," ती कुजबुजली होती. आई पीठ झटकत म्हणाली, "टोपल्यात पडली की ती कुनाची न्हाई ऱ्हात." काही नाही! सारिका पंगतीत बसली ती वाढप्याच्या टोपल्यावरच डोळे लावून. कुणाच्या ताटात पडतेय आपली? तोंड वाकडं कोण करतंय? आणि पडली ती नेमकी नथू आबांच्या ताटात. गावातले सगळ्यात मोठे खातेदार, जरीचा पटका, मिशीला पीळ. आबांनी भाकरी उचलली, उलटीपालटी करून बघितली, मोडली, आमटीत बुडवली, खाल्ली. सगळी खाल्ली. आणि मान वर करून वाढप्याला म्हणाले, "नाचनीची आजून हाय का रं?"

आजून हाय का रं. सारिकाला आजही आठवतं, त्या क्षणी तिला एकदम भूक लागली होती. लाजेनं मेलेली भूक अशी उसळून वर आली की ती पाच भाकरी जेवली, आणि आईनं रात्री तिचं पोट चोळून दिलं. पुढं ती शिकली, डी.एड. झाली, कायदा पाठ केला, चार शाळांना तो समजावून सांगायला गेली, भाषणं केली, टाळ्या घेतल्या. पण अम्मारा ताट दुसऱ्याला देते म्हणजे तिचं काय होतं, हे तिला भाषणातून नाही, त्या ओसरीवरून कळलं. त्या पोरीला भूक लागत नव्हती असं नाही. तिची भूक मेली होती, आणि ती मारली होती सारिकाच्या शाळेनं, घरच्या तुपातली थाळी वाढून. सारिका खुर्चीतून उठली. पालक जातील, जाऊ देत. नाही, जाऊ देत कसं? गेले तर शाळा जाईल, शाळा गेली तर अम्मारा तर सोडाच, सृष्टीसुद्धा जाईल. मग काय करायचं? भीती अशी पोटात धरून ती स्वयंपाकघरात गेली आणि मावशींना म्हणाली, "आज वर्गात हाक मारायला जाऊ नका. आणि आमटी-भात सगळ्या शाळेला पुरेल एवढा करा." मावशी बघतच राहिल्या. "आणि भाताची मोठी परात घासून ठेवलीय ना? ती द्या. रिकामी."

घंटा झाली. आज सगळ्यांची एकच घंटा. मैदानात तिनं अमृत सरांना बसायच्या पट्ट्या अंथरायला लावल्या होत्या, समोरासमोर दोन लांब ओळी, आणि मधोमध ती परात. मुलं वर्गातून सुटली ती दोन वाटांना पांगली, सवयीनं. डबेवाले पुढं आले. थाळीवाले मागच्या व्हरांड्याकडं वळले, तिथं काहीच नाही म्हटल्यावर कोपऱ्यावर घोळका करून थांबले. अम्मारा त्यांच्यात, खांबाला हात धरून. ऑफिसच्या पायरीवर रोशनबी. फाटकाशी दोन-चार पालक, लेकरांचे गरम डबे द्यायला रोज येतात तसे, आणि त्यात पुढंच प्रदीप, हातात तीन पुडांचा डबा, शर्टाच्या बाह्या वर. सारिकानं आपला डबा उघडला. दोन पोळ्या आणि दुधीची भाजी. मुख्याध्यापिकेच्या डब्यात यापेक्षा काही तरी बरं असायला हवं होतं, असं तिला उगाच वाटून गेलं. तिनं पोळ्या परातीत ठेवल्या. एवढी मोठी परात, आणि तळाशी दोन पोळ्या. हसू येईल असं ते दिसत होतं. "आज सप्ताहासारखी पंगत," ती म्हणाली, आणि आवाज कापला त्याचा तिला राग आला. "ज्याच्या डब्यात पोळी, भाकरी, जे असेल ते इथं टाकायचं. आमटी-भात शाळेचा, सगळ्यांना. आणि बसायचं कुणीही कुठंही."

कुणी हललं नाही. किती वेळ? तिला तो फार लांब वाटला. सगळं मैदान तिच्या दोन पोळ्यांकडं बघत होतं. मग अमृत सर खाकरले, खिशातून फडकं काढून तोंड पुसलं, आणि आपला डबा आणून परातीवर उपडा केला. थालीपिठं! अमृत सरांच्या बायकोची थालीपिठं शाळेत मशहूर होती, आणि आजवर त्यांनी त्यातला घास मुख्याध्यापिकेलाही देऊ केला नव्हता. "आता बघता काय?" ते मुलांवर खेकसले. "का छडी आणू वेलावरची?" पोरं खिदळली, आणि बांध फुटला. पोळ्या, पराठे, धपाटे, गुंडाळ्या, कुणाची सँडविचं, सगळी धपाधप परातीत. थाळीवाले लांबूनच बघत होते. त्यांच्याकडं टाकायला काही नव्हतं. सारिकाच्या हे आता ध्यानात आलं. अरे देवा. पुन्हा तेच. पुन्हा देणारे आणि घेणारे!

तेवढ्यात पायरीवरून रोशनबी उठली. पदर सावरत, गुडघ्यावर हात देत, घाई न करता ती परातीपाशी आली, फडक्याची गाठ सोडली, आणि नाचणीच्या भाकऱ्या काढून त्या ढिगावर ठेवल्या. काळ्या. एकावर एक.

"आमच्या घरच्याबी जायच्या की सप्त्याला," ती सारिकाला म्हणाली. "माजा सासरा दारात उभा ऱ्हायचा टोपल्याची वाट बघत. यंदा आमाला इसरले का काय म्हनून."

"बाई, हे काय चाललंय?" प्रदीप आत आला होता. सारिका वळली. हाच तो क्षण, रतनताईंच्या भीतीचा आणि तिच्याही. "प्रदीपभाऊ, आजपासून सगळी मुलं एकत्र जेवणार."

"मला विचारलं का? आमी फी भरतो. माझी पोरगी कुणाचंही का म्हणून खाईल?"

"तुमच्या गावच्या सप्ताहाला भाकरी जाते ना तुमच्या घरून?"

"जाते. का नाही जाणार?"

"कुणी खाल्ली, कधी विचारलंत?"

"सप्ता देवाचा असतो बाई. ही शाळा आहे. अन् आमच्यातले आणखी चारजण..." तो बोलत होता, पण त्याचे डोळे सारिकाच्या खांद्यावरून मागं जात होते. मागं स्वयंपाकाच्या मावशी आमटी वाढत होत्या. त्यांनी आयुष्यात एवढी मोठी पंगत वाढली नव्हती. बादली जड, डाव उथळ. एका ताटात तळं, पुढच्यात थेंब, दोघा पोरांच्या मांडीवर शिंतोडे. प्रदीपचा जबडा आवळला. "चारजण काय म्हणतात, की... अहो मावशी, भातावर आमटी अशी ओततात व्हय? आळं करा आधी! अन् उजवीकडनं धरा ना!" त्यानं पुन्हा सारिकाकडं तोंड केलं, "ते जाऊ द्या, माझं म्हणणं असं की..." आणि तिकडं आणखी एक डाव जमिनीवर सांडला. हॉटेलवाल्याला फी चुकलेली चालेल, वाढप चुकलेलं चालत नाही. "आणा ती बादली इकडं!" त्यानं सृष्टीचा डबा सरळ सारिकाच्या हातात कोंबला, आणि बाह्या आणखी वर सारत पंगतीत शिरला. सारिका तो गरम डबा धरून उभी राहिली. जिंकल्यासारखं वाटायला लागलं होतं, पण तिनं ते मनातल्या मनात दाबून धरलं, दृष्ट लागू नये म्हणून.

कारण ती पोरगी अजून खांबापाशी होती. बाकीचे थाळीवाले घुसले कधी, कुठं बसले, कळलंही नव्हतं. भूक लागलेल्या पोरांना जास्त सांगावं लागत नाही. एकटी अम्मारा. सारिकाला वाटलं, जावं, हाताला धरून आणावं. पाय उचललाही. पण आणून बसवलेलं पोर ते आणून बसवलेलंच, मांडीवर घेतलं तरी. ती थांबली. हे थांबणं तिला रॅम्प बांधण्यापेक्षा, मुलाखती बंद करण्यापेक्षा, सगळ्या कायद्यापेक्षा जड गेलं. ओळीत सृष्टी बसली होती आणि परातीतून आलेली काळी भाकरी उचलून उलटीपालटी करून बघत होती. बघत होती पोर, वास घेत होती, कपाळाला आठी.

"ही चॉकलेटची आहे?" सृष्टीनं मोठ्यानं विचारलं.

खांबापाशी काहीतरी हललं. "कसली चॉकलेटची," अम्मारा तिथूनच ओरडली. एवढा मोठा आवाज त्या पोरीला होता हे शाळेत कुणाला माहीत नव्हतं. "नाचनीची हाय ती! माज्या आजीनं केलीया!" आणि ती तरातरा चालत आली, सृष्टीच्या हातातून भाकरी घेतली, "अशी न्हाई खात, हिला मोडायची," म्हणून मांडी घालून खाली बसली, तिच्या शेजारी, खेटून. तिनं भाकरी मोडली. मोठा तुकडा सृष्टीला दिला. लहान आपल्याला घेतला, आणि खाल्ला. चावला, गिळला. सारिका तिच्या घशाकडं बघत होती. गिळला! सृष्टीनं आपला तुकडा आमटीत बुडवला, तोंडात कोंबला, आणि गाल फुगलेलेच असताना विचारलं, "अजून आहे का?"

सारिकाच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि पुसायला गेली तर गालाला पिवळा रंग. लागला तर लागू दे! नथू आबा, ऐकताय ना? आई, ऐकलंस? तिला गाणं म्हणावंसं वाटत होतं, फुगडी घालावीशी वाटत होती, अमृत सरांची छडी वेलावरून उपटून हवेत भिरकवावीशी वाटत होती. पोटात एकदम आगीसारखी भूक लागली. रोशनबी शेजारी येऊन उभी होती, नातीकडं बघत. "त्यो दाखला ऱ्हाऊ द्या बाई," ती म्हणाली, आणि लगेच पुढं, "उद्या भाकऱ्या किती आनू?" तेवढ्यात फोन वाजला. रतनताई. कुणा पालकानं कळवलंच असणार, कुसगावच ते, तिथली बातमी पुण्याला जायला किती वेळ लागतो? सारिकानं फोन कानाला लावला. "ताई, आता बोलता येत नाही. पंगत बसलीय. तुमचं तूप घेऊन या उद्या, सगळ्यांना पुरेल एवढं आणा. मॅडमना पण जेवायलाच बसवू. हो, पट्टीवर. हो ताई, प्रदीपभाऊसुद्धा आहेत. ऐका." आणि तिनं फोन पंगतीच्या दिशेनं धरला.

पंगतीत गदारोळ होता. ताटं वाजत होती, कुणी लोणचं मागत होतं, कुणी कुणाच्या ताटातला पराठा पळवत होतं, आणि प्रदीप घामाघूम होऊन बादली घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होता. तो पलीकडच्या टोकाला गेला तशी अम्मारानं आपलं रिकामं ताट दोन्ही हातांनी डोक्याच्या वर उचललं आणि सगळ्या कुसगावाला ऐकू जाईल अशी हाळी दिली.

"ओ काका! आमटी आना! हितं फॅमिली बसलीया!"

"आलो, आलो!" प्रदीप ओरडला, आणि बादली सांभाळत धावत सुटला.